पुन्हा पुन्हा हटकणारा पहारेकरी

संगणकाच्या कार्यप्रणालीचे अद्ययावतन झाले, की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवते. आपल्या खात्यात काही बिघाड झाला आहे, तो दूर करण्यासाठी येथे टिचकी मारा, असे ती सांगते. आपण टिचकी मारतो, पासवर्ड देतो, चौकट नाहीशी होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होते. पासवर्ड बदललेला नसतो, विसरलेलाही नसतो. हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे, की त्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून कोणी पाहत नाही. एखादा शब्द जुना अर्थ सोडून नवा अर्थ धारण करतो तेव्हा त्या स्थित्यंतराचा माग काढणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे कामच आहे. ही चौकटही अशाच एका स्थित्यंतराची खूण आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे. गेल्या सहा दशकांत संगणकाने माणसाला ओळखण्याच्या तीन रीती अवलंबिल्या. प्रथम त्याने शब्द विचारला, नंतर तिकीट मागितले आणि आता तो यंत्राचीच साक्ष काढतो. सूचनांची भाषा मात्र पहिल्या रीतीतच अडकून राहिली. तिकीट जीर्ण झाले किंवा यंत्राची साक्ष फिरली, तरी चौकट शब्दच विचारते. म्हणून शब्द कितीही वेळा दिला तरी सूचना परत येते. नेमके काय तुटले आहे हे कळण्यासाठी हा इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

शब्द

'पासवर्ड'साठी मराठीत 'परवलीचा शब्द' हा प्रतिशब्द रूढ झाला. तो पहाऱ्याच्या भाषेतला आहे. रात्री छावणीकडे येणाऱ्याला पहारेकरी हटकतो आणि ठरलेला शब्द सांगेल त्यालाच आत सोडतो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने आपल्या इतिहासाच्या सहाव्या ग्रंथात रोमन छावणीतील या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्या रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहिलेला असे. सूर्यास्ताच्या सुमारास ती पाटी एका तुकडीकडून दुसरीकडे फिरत जाई आणि अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत येई. एखादी पाटी परत आली नाही, तर ती कोठे अडकली हे पाट्यांवरील खुणांवरून शोधून काढले जाई. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. हा शब्द व्यक्तीचा नव्हता, समूहाचा होता. आणि त्याचे आयुष्य एका रात्रीपुरते होते.

बायबलच्या जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात याहून वेगळी कसोटी आढळते. यार्देन नदीच्या उतारावर गिलादाच्या लोकांनी पहारा बसवला होता. पळून जाऊ पाहणाऱ्या एफ्राइमी माणसाला ते 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारायला सांगत. त्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' आले, की तो ओळखला जाई आणि मारला जाई. ग्रंथात मृतांचा आकडा ४२,००० दिला आहे. हा शब्द गुप्त नव्हता, सर्वांना ठाऊक होता. ओळख पटवत होती ती जीभ. माणसाला काय माहीत आहे आणि माणूस स्वतः काय आहे, या ओळखीच्या दोन कसोट्या अशा रीतीने फार जुन्या आहेत.

संगणकाने यांतली पहिली कसोटी उचलली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, येथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये 'कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम' या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच महागडे यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावे, ही तिच्यामागील कल्पना होती. यंत्र सामायिक झाले आणि प्रत्येकाच्या फायली मात्र खाजगी राहायला हव्यात, म्हणून प्रत्येकाला एक नाव आणि एक पासवर्ड मिळाला. 'खाते' हा आपला शब्द जमाखर्चाच्या वहीतला. संगणकावरील पहिली खातीही त्याच अर्थाची होती, कारण त्यांत यंत्राच्या वेळेचा हिशेब ठेवला जाई. ओळखीचा प्रश्न मुळात वेळेच्या वाटपातून उद्भवला होता.

त्याच वाटपातून पहिली चोरीही झाली. १९६२ मध्ये तेथील संशोधक विद्यार्थी ॲलन शेर यांना आठवड्याला चार तास मिळत आणि ते पुरत नसत. प्रणालीतील पासवर्डांची फाईल छापून देण्याची विनंती त्यांनी छिद्रित कार्डावर दाखल केली. यंत्राने ती निमूटपणे छापून दिली आणि शेर दुसऱ्यांच्या नावे काम करू लागले. अर्धशतकानंतर त्यांनी स्वतःच ही हकीकत जाहीर केली. १९६६ मधील दुसरा प्रसंग अधिक सूचक आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली संपादित करत होते. एक होती प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला दिसणाऱ्या दैनिक सूचनेची, दुसरी पासवर्डांची. दोघांच्या तात्पुरत्या फायलींना प्रणालीने एकच नाव दिले, अदलाबदल झाली आणि जो जो आत आला त्याच्यासमोर सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड झळकले. यात वापरणाऱ्यांपैकी कोणी काही विसरले नव्हते. चूक प्रणालीची होती, आणि पासवर्ड बदलण्याची यातायात मात्र सर्वांच्या वाट्याला आली. हा नमुना पुढे वारंवार दिसणार होता.

यावरचा एक तोडगा बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्स घडवणाऱ्यांनी अवलंबला. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही. त्याच्यापासून असे रूप तयार करायचे, की उलट वाटेने मूळ शब्दापर्यंत जाता येऊ नये. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या पद्धतीचा इतिहास सांगितला आहे. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के, अतिशय लहान किंवा शब्दकोशात सापडण्याजोगे निघाले. यंत्राची बाजू भक्कम झाली तशी माणसाची बाजू उघडी पडली. पुढील चाळीस वर्षांत पासवर्डाच्या प्रत्येक नव्या नियमाने माणसाच्या स्मृतीवर अधिक ओझे टाकले, त्याची बीजे या आकड्यात आहेत.

तिकीट

यंत्रे एकमेकांना जोडली गेली तेव्हा प्रश्न पालटला. छपाईचे यंत्र एका ठिकाणी, फायली दुसऱ्या, टपाल तिसऱ्या. प्रत्येक दारावर पासवर्ड सांगायचा, तर तो तारेवरून पुन्हा पुन्हा धावणार आणि वाटेत कोणीही तो ऐकणार. एमआयटीमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या 'अथेना' प्रकल्पात या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दाराशी बसणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून त्या व्यवस्थेला 'कर्बेरॉस' हे नाव मिळाले.

साहित्याच्या वाचकांना विशेष वाटावे असे, की या व्यवस्थेचे सर्वांत सुबोध विवेचन नाट्यरूपात आहे. बिल ब्रायंट यांनी १९८८ मध्ये चार प्रवेशांचा एक संवाद लिहिला. त्यातील दोनच पात्रांची नावे अथेना आणि युरिपिडीज. अथेना ही उमेदीची प्रणालीकार, तर युरिपिडीज हा मुरलेला आणि चिकित्सक सहकारी. अथेना प्रत्येक प्रवेशात नवी योजना घेऊन येते आणि युरिपिडीज तिच्यातील भोक दाखवतो. पासवर्ड दर वेळी मागू नये म्हणून ती तिकिटाची कल्पना मांडते. एका विश्वासू कचेरीत पासवर्डाने एकदा ओळख पटवायची, तिकीट घ्यायचे आणि पुढे प्रत्येक दारावर तिकीट दाखवायचे. युरिपिडीजचा प्रश्न असा, की तिकीट चोरले तर काय? म्हणून तिकिटावर वेळ आणि मुदत येते. मुदतीतच चोरले तर? म्हणून तिकीट दाखवणाऱ्याने त्या क्षणी ताजा पुरावाही जोडावा, अशी तरतूद येते. प्रतिपक्षाचा आक्षेप घेऊन सिद्धान्त घडवण्याची ही रीत आपल्या शास्त्रग्रंथांच्या वाचकाला परकी वाटू नये.

या संवादातून निघालेले दोन निष्कर्ष आजच्या चौकटीचा अर्थ लावायला पुरतात. पहिला असा, की आपली ओळख आता मुदतीची झाली. तिकीट संपणे हा बिघाड नव्हे, ती योजना आहे. पॉलिबियसच्या लाकडी पाटीसारखी आपली ओळखही ठरावीक काळाने परत करून नव्याने घ्यावी लागते. दुसरा असा, की ओळख पटण्यासाठी दोन्ही बाजूंची घड्याळे जुळायला हवीत. कर्बेरॉसमध्ये साधारणतः पाच मिनिटांचा फरक चालवून घेतात. त्याहून अधिक फरक पडला, तर खरे तिकीटही खोटे ठरते. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून संस्थांच्या जाळ्यांसाठी हीच व्यवस्था स्वीकारली. ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या 'ओऑथ २.०' या आंतरजालीय पद्धतीतही अल्पायुषी टोकन आणि ते नवे करून देणारे दीर्घायुषी टोकन अशी जोडी असते. टपालाचा प्रोग्राम महिनोन् महिने पासवर्ड न विचारता चालतो तो या दुसऱ्या टोकनाच्या बळावर. ते अचानक अवैध ठरले, की चौकट उगवते.

यंत्राची साक्ष

तिसरे स्थित्यंतर अगदी अलीकडचे. पूर्वी संगणकात प्रवेश करण्याचे खाते त्या संगणकातच राहत असे. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून कंपनीच्या दूरस्थ खात्यानेच घरातील यंत्र उघडण्याची सोय झाली. घराची किल्ली आणि टपालपेटीची किल्ली एक झाली, असे म्हणता येईल. जुलै २०१५ मधील विंडोज १० मध्ये चेहरा, बोटाचा ठसा किंवा छोटा पिन यांनीही प्रवेश करता येई. चार आकड्यांचा पिन लांब पासवर्डापेक्षा सुरक्षित कसा, अशी शंका अनेकांना येते. उत्तर असे, की पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो. तो यंत्रातील एक गुप्त किल्ली मोकळी करतो आणि दूरच्या दाराशी खरी साक्ष ती किल्ली देते. शक्य तेथे ही किल्ली 'टीपीएम' नावाच्या स्वतंत्र चिपमध्ये जपलेली असते. आपण पिनने आत येतो, परंतु पलीकडे आपली हमी घेते ते यंत्र.

यंत्रच साक्षीदार झाल्यावर अद्ययावतनाचा अर्थही बदलला. मूळ फर्मवेअर बदलले किंवा चिप पुसली गेली, तर यंत्र स्वतःला ओळखेनासे होते आणि पिन उपलब्ध नसल्याचे सांगते. पासवर्ड बरोबर असतो. साक्षीदार बदललेला असतो.

२०१७ नंतरच्या विंडोज १० च्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खाते दुरुस्त करण्याची जी चौकट अनेकांना छळू लागली, तिच्यात बहुधा आपण पासवर्ड बदलला असावा, असा तर्कही दिलेला असे. प्रत्यक्षात अनेकांनी तो बदललेला नव्हता. निरनिराळ्या उपकरणांत काम वाटून घेण्याची एक नवी सोय, इंग्रजीत 'शेअर्ड एक्स्पीरिअन्सेस', आपले तिकीट नवे करू शकत नव्हती, एवढाच कित्येकदा त्याचा अर्थ असे. मे २०२० मधील २००४ क्रमांकाच्या आवृत्तीनंतर तर टपालाचे प्रोग्राम आणि ब्राउझर जतन केलेले पासवर्डच विसरू लागले. नियोजित कामांच्या यादीतील विशिष्ट प्रकारची कामे चालली, की पासवर्ड जपणाऱ्या किल्लीची हाताळणी बिघडत होती, हे कारण पुढे उघड झाले. तोवर ती कामे बंद ठेवण्याचा तात्पुरता उपाय सांगितला गेला आणि कायमची दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ च्या सुमारास आली. मधल्या काळात असंख्य माणसांनी दोष स्वतःच्या स्मृतीला दिला असेल. १९६६ मधील तो नमुनाच येथे पुन्हा घडला.

दुरुस्ती

हा क्रम ध्यानात घेतला, की दुरुस्तीचा क्रमही आपोआप सुचतो. आरंभ घड्याळापासून करावा. तारीख, वेळ आणि वेळेचा प्रदेश तपासून घड्याळ आंतरजालाशी जुळवून घ्यावे. नंतर अद्ययावतन पूर्ण झाले आहे का ते पाहावे. अर्धवट राहिलेले काम यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पुरे होते.

त्यानंतर तिकिटाकडे वळावे. 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स' या विभागात 'युअर इन्फो' येथे ओळख पडताळून घेण्याची सूचना दिसत असेल, तर ती पूर्ण करावी. विंडोज १० मध्ये 'शेअर्ड एक्स्पीरिअन्सेस' येथे दुरुस्तीचे बटण दिसते. ती सोय वापरात नसेल, तर ती बंद करणेच उचित. नोकरीच्या जुन्या ठिकाणचे किंवा विद्यार्थिदशेतले बंद पडलेले खाते यंत्राला जोडलेले राहिले असेल, तर तेही पुन्हा पुन्हा तिकीट मागत राहते. अशी खाती त्याच विभागातून काढून टाकावीत. मात्र सध्याच्या संस्थेचे खाते तेथील संगणक विभागाला विचारल्याखेरीज हलवू नये. एखादाच प्रोग्राम अडत असेल, तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधील त्याची जुनी नोंद पुसून नव्याने प्रवेश केल्यास बहुधा काम होते.

यंत्राच्या साक्षीची पाळी शेवटी येते. पिन काढून नव्याने तयार केला, की नवी किल्ली घडते. एवढ्यानेही भागले नाही, तर यंत्राला काही काळ स्थानिक खात्यावर नेऊन पुन्हा मूळ खात्याशी जोडतात. यापुढे जाऊन चिप पुसण्याचा सल्लाही काही ठिकाणी दिला जातो. तेथे मात्र थांबून विचार करावा. यंत्रातील मजकूर कूटबद्ध असेल, तर अशा बदलानंतर संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागतो. ती जवळ नसेल, तर टिपणे, हस्तलिखिते आणि वर्षानुवर्षे जमवलेले संशोधनसाहित्य कायमचे बंद पडू शकते. ही किल्ली कागदावर लिहून अन्यत्र ठेवणे हे प्रत्येक मोठ्या अद्ययावतनापूर्वीचे पहिले कर्तव्य मानावे.

इशाऱ्याची किंमत

सूचना मिटवणे आणि सूचनेकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीचे तात्पर्य आपण मुलाच्या खोटेपणात शोधतो. परंतु नुकसान होते ते गावाचा कान निबर झाल्यामुळे. २००७ मधील विंडोज व्हिस्टा प्रत्येक लहानसहान कृतीला परवानगी मागत असे. लोक न वाचता होकार देऊ लागले, आणि २००९ मधील विंडोज ७ मध्ये हे विचारणे कमी करावे लागले. आजची खात्याची चौकट याहून घातक सवय लावू शकते, कारण तिच्यामुळे कोणी विचारले की पासवर्ड द्यायचा, हा प्रतिक्षेप तयार होतो. भामट्यांची पत्रे आणि बनावट पाने हुबेहूब याच चौकटीची भाषा बोलतात. म्हणून नियम साधा ठेवावा. सूचनेवर टिचकी मारून कोठेही पासवर्ड देऊ नये. आपण होऊन 'सेटिंग्ज' उघडावे आणि तेथे खरोखर काही दुरुस्त करायचे आहे का ते पाहावे. पहारेकरी आपली ओळख विचारतो, तसे पहारेकऱ्याची ओळख पटवून घेणेही आपले काम आहे.

हा प्रश्न आपल्या व्यवसायापासून दूर नाही. नदीच्या उतारावरील तो जुना शब्द आज अध्यापकांच्या नित्य व्यवहारात आहे. 'शिब्बोलेथ' याच नावाच्या संगणकीय व्यवस्थेची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. वाचक विद्यापीठाचा असल्याची हमी विद्यापीठाने प्रकाशकाला द्यावी आणि प्रकाशकाला पासवर्ड कळूच नये, हे तिचे तत्त्व. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचे 'इन्फेड' हे संस्थांचे संघटन याच व्यवस्थेवर उभे आहे. महाविद्यालयांसाठी त्याच केंद्राने २०१० मध्ये 'एन-लिस्ट' हा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी शिकवणारा मराठीचा अध्यापकही आज ई-पुस्तके आणि नियतकालिके वाचतो ती अशा खात्याच्या आधारे. ते खाते बंद पडले, की ग्रंथालयाचे दार बंद होते. निवृत्तीनंतर किंवा तासिका तत्त्वावरची नेमणूक संपल्यावर संस्थेची हमी थांबते, तेव्हा हेच वास्तव अधिक तीव्रतेने जाणवते. आपण कोण आहोत हे आपल्या स्मृतीतील शब्दाने ठरत नाही; आपली हमी कोण घेतो यावर ते ठरते.

कॉर्बाटो यांना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २०१९ मध्ये ते निवर्तले. पासवर्डांचे आता दुःस्वप्न झाले आहे, अशी कबुली त्यांनी २०१४ मध्ये एका मुलाखतीत दिली होती. मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पासवर्डाऐवजी उपकरणातील किल्लीने प्रवेश देणाऱ्या 'पासकी' या पद्धतीला एकत्रित पाठिंबा जाहीर केला. परवलीचा शब्द हळूहळू हद्दपार होत आहे. यापुढे पहारेकरी शब्द विचारणार नाही, उपकरण दाखवायला सांगेल. तेव्हा विसरण्याची भीती संपेल आणि उपकरण हरवण्याची सुरू होईल. म्हणून दुसऱ्या एखाद्या उपकरणावर पर्यायी किल्ली तयार ठेवणे आणि पुनर्प्राप्तीचे अंक कागदावर उतरवणे, ही पुढील काळातील साक्षरता ठरेल. आपल्या विद्यार्थ्यांना ती आपणच शिकवायला हवी.